सोलापूर-तुळजापूर-नळदुर्ग: जपानी गाड्यांची पहिली ग्रुप ड्राइव्ह काढतोय, अनुभव असलेल्यांनी सांगा

एमएच१३ व्हीटेक | २२ डिसेंबर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो. आपल्या सोलापुरात आणि आजूबाजूला जुन्या चांगल्या जपानी पेट्रोल गाड्या अजून बऱ्याच आहेत, फक्त त्या एकमेकांना भेटत नाहीत. सात रस्त्याला सिग्नलला एखादी लान्सर शेजारी येऊन थांबते, काच खाली होते, "पार्ट कुठनं आणता बे?" एवढं विचारेपर्यंत सिग्नल सुटतो आणि संपलं. म्हणून तीन महिने एकेक नंबर गोळा केला आणि आता यादीत १४ गाड्या झाल्यात. पाच होंडा सिटी, त्यातल्या तीन व्हीटेक, तीन सिव्हिक, दोन मित्सुबिशी लान्सर, एक सीडिया म्हणजे लान्सरचीच पुढची पिढी, दोन जुन्या बलेनो म्हणजे ती डिकीवाली, आत्ताची नव्हे, आणि एक एसएक्स४. पुण्याहून एक इव्हो टेन, म्हणजे लान्सरचीच ती भलती ताकदवान आवृत्ती, पण येतो म्हणालाय, आला तर पंधरा.

माझी २००१ची सिटी १.५ व्हीटेक. वडिलांनी नवी घेतलेली. १०६ बीएचपी आज ऐकायला काहीच वाटत नाही पण त्या काळात दीड लिटरच्या एवढ्या हलक्या गाडीत ते भलतंच होतं, आणि आरपीएमचा काटा पाच हजाराच्या पुढं सरकला की इंजिनाचा जो सूर बदलतो ना, तो ऐकायला मी लहानपणी मागच्या सीटवर मुद्दाम काच उघडी ठेवायचो आणि वडील ओरडायचे धूळ येते म्हणून.

ठरवलंय असं की रविवारी ४ जानेवारीला सकाळी ७ ला मार्केट यार्डासमोर जमायचं, तिथून तुळजापूर, मग आतल्या रस्त्याने नळदुर्ग, किल्ला बघायचा, आणि परत येताना अणदूरजवळ मित्राच्या ओळखीच्या शेतावर हुरडा. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होईल, म्हणजे जुन्या गाड्यांनाही जड नाही. बायका-पोरं पण येणार आहेत बऱ्याच जणांची.

आता अडचणी. एवढ्या गाड्या एका रांगेत न्यायच्या कशा हे मला माहीत नाही, मी आजपर्यंत जास्तीत जास्त तीन गाड्या घेऊन पंढरपूरला गेलोय. वीस-बावीस वर्षांच्या गाड्यांचं निघायच्या आधी काय काय तपासायचं? शेतापर्यंत एक किलोमीटर कच्चा रस्ता आहे, सिव्हिकवाले गाडी खाली घासेल म्हणून आत्ताच नाही म्हणायला लागलेत. आणि "सोलापूर जेडीएम मीट" (जेडीएम म्हणजे जॅपनीज डोमेस्टिक मार्केट) असं नाव ठेवलं तर चालेल का? पहिलीच वेळ आहे, नीट व्हावं असं मनापासून वाटतंय. पहिल्यालाच काही गडबड झाली तर घरचे परत कधी गाडी बाहेर काढू देणार नाहीत.

---

हडपसरची सिव्हिक | २२ डिसेंबर

भाऊ, मनापासून अभिनंदन, यादी वाचूनच बरं वाटलं. मी इकडं सहा-सात ड्राइव्ह काढल्यात, पहिल्या दोन वाईट झाल्या म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंधरा गाड्या एका रांगेत अजिबात नेऊ नका. पंधरा गाड्यांनी नीट अंतर ठेवलं तर रांग जवळपास किलोमीटरभर होते, मधे ट्रक घुसतात, टमटम घुसतात, मग मागचे घाबरून गाठायला जातात आणि तिथंच चुका होतात. पाच-पाचच्या तीन तुकड्या करा आणि दोन तुकड्यांत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक तुकडीत पुढं एक जण, मागं एक जण, बाकीच्यांनी मधेच राहायचं. आणि माझा अनुभव असा की सगळ्यात शांत डोक्याचा ड्रायव्हर पुढं ठेवतात लोक, ते ठीक आहे, पण सगळ्यात ताकदवान गाडी मागं ठेवा. कारण शेवटच्या गाडीलाच थांबावं लागतं, कुणाचं काय बिघडलं ते तिलाच दिसतं, आणि मदत करून झाल्यावर परत गाठायचं तिलाच असतं. तुमच्याकडं खरंच इव्हो येत असेल तर तिला सगळ्यात शेवटच्या तुकडीत सगळ्यात शेवटी लावा. मालकाला वाईट वाटणार नाही, मी त्याला ओळखत नाही पण ज्याने ती गाडी एवढी वर्षं सांभाळली त्याला हे कळेल.

दुसरी गोष्ट ओव्हरटेकची. पुढच्याने ट्रक काढला म्हणून आपण काढायचा नाही. प्रत्येकाने स्वतः समोर बघून, स्वतःला जागा दिसली तरच. हे निघायच्या आधी सगळ्यांना उभं करून तोंडी सांगा, ग्रुपवर मेसेज टाकून कुणी वाचत नाही. माझ्या दुसऱ्या ड्राइव्हला एक पोरगा पुढच्या गाडीच्या मागोमाग तसाच बाहेर पडला, समोरून एसटी आली, एसटीच्या ड्रायव्हरने गाडी पार साइडपट्टीवर उतरवली म्हणून सगळे वाचले. त्याच्या बायकोचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून मी निघायच्या आधी दहा मिनिटं बोलतोच, कुणाला कंटाळा आला तरी.

वळणावर आरशात बघायचं, मागची गाडी दिसत नसेल तर वळायच्या आधी थांबायचं, म्हणजे कुणी चुकत नाही. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून ठेवू नका, त्यामुळं कोण कुठं वळतोय ते कळत नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवले की पुरे. टोलला सगळे वेगवेगळ्या लेनमधून निघणार, तेव्हा टोलच्या लगेच पुढं न थांबता त्याच्या पुढच्या पेट्रोल पंपावर जमायचं ठरवा. आणि पेट्रोल आदल्या रात्री भरून या, नाहीतर पंधरा जण पंपावर अर्धा तास घालवतात.

---

अणदूरची लेक | २२ डिसेंबर

दादा, आमचं गाव आणि आमचं शेत त्याच भागात, माझ्याकडं बाबांची २००३ची बलेनो आहे, बहुतेक तुमच्या यादीतली एक तीच. मला तारखेबद्दल बोलायचंय. ४ तारीख अजिबात नको. ३ जानेवारीला पौष पौर्णिमा आहे. तुळजापूरला शाकंभरी नवरात्र त्या दिवशी संपतं आणि नळदुर्गला खंडोबाची मोठी यात्रा असते, आमच्या अणदूरचे देव तेव्हा नळदुर्गला असतात. ती गर्दी एका दिवसात उतरत नाही हो, भंडाऱ्याने पिवळे झालेले लोक, ट्रॅक्टर, टेम्पो, चालत निघालेली माणसं, त्यात तुम्ही पंधरा गाड्या घेऊन याल तर तुम्हालाही त्रास आणि भक्तांनाही. ११ ला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची तयारी, मग संक्रांतीला नंदीध्वज. २५ ला दुसऱ्या दिवशी २६ ची सुट्टी, म्हणजे अक्कलकोट-तुळजापूर करणारी बाहेरगावची सगळी गर्दी. राहिला १८. हुरडा पण १८ ला एकदम बरोबर भरलेला असेल.

मार्केट यार्डासमोर जमू नका. कांद्याचा सीझन आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून कांद्याच्या ट्रकांची रांग बाहेर रस्त्यावर असते, तुमची लो गाडी त्या गर्दीत घालाल तर बंपर तिथंच ठेवून याल. त्यापेक्षा शहर सोडल्यावर तुळजापूर रोडलाच एखाद्या मोठ्या पंपावर त्यांना विचारून जमा.

नळदुर्गला किल्ला बघायला जाताना एक सांगते, नर-मादी धबधबे जानेवारीत नसतात, ते पावसाळ्यात बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून पडतं तेव्हाच. लोक पोरांना धबधबा दाखवतो म्हणून आणतात आणि पोरं रुसतात. पण पाणीमहाल बघा. बंधाऱ्याच्या पोटात बांधलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा, आत उभं राहिलं की बाहेर केवढं पाणी थोपवून धरलंय ते अंगावर येतं.

आणि हुरड्याचं शेत अजून ठरलं नसेल तर आमच्याकडं या. आमचं खळं डांबरी रस्त्याला लागूनच आहे, गाड्या तिथं लावायच्या आणि माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आत. काळ्या रानात एकही गाडी घालू नका, वरून कोरडं दिसतं पण शेजारच्या ज्वारीला पाणी दिलेलं असलं की चाक बसलं तर बसलंच. अजून एक महत्त्वाचं, वाळलेल्या कडब्यावर किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करायची नाही. पेट्रोल गाडीच्या खाली सायलेन्सरच्या अलीकडं जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो पळून आल्यावर प्रचंड तापलेला असतो आणि आपल्या गाड्या खाली टेकलेल्या, कडबा त्याला लागला की पेट घेतो. मी खळं आदल्या दिवशी झाडून घेते आणि पाणी शिंपडून ठेवते.

---

पाना नंबर दहा | २३ डिसेंबर

मी अक्कलकोट रोडला गॅरेज करतो, अठ्ठावीस वर्षं झाली. ह्या यादीतल्या चार गाड्या माझ्याच हातच्या आहेत. लेकरांनो, गाडी धुवून पॉलिश मारून आणली म्हणजे गाडी तयार झाली असं नसतं.

सिटी, लान्सर, सीडिया, बलेनो ह्या सगळ्यांना टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा. सिव्हिकला चेन आहे, त्यांचं ते टेन्शन नाही. बेल्ट किलोमीटरवर बघू नका, वर्षावर बघा. माझ्याकडं येतात, म्हणतात काका गाडी तर फक्त चाळीस हजार चालली. अरे पण बेल्ट रबराचा आहे, आपल्याकडं मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत गाडी उभी असते, रबर उभ्या उभ्या मरतं. पाच वर्षं झाली असली किंवा कधी बदलला ते आठवतच नसेल तर आत्ता बदला. तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि मग इंजिन उघडण्याशिवाय इलाज राहत नाही.

व्हीटेकवाल्यांनी ऑइल नीट ऐका. ते व्हीटेक ऑइलच्या प्रेशरवर चालतं. कॅमशाफ्टला दोन प्रकारचे उंचवटे असतात, एक सावकाश चालायचा, एक पळायचा, आणि वरच्या आरपीएमला ऑइलचं प्रेशर एक पिन ढकलून रॉकर एकमेकांत अडकवतं, मग पळायचा उंचवटा कामाला लागतो. ऑइल कमी असलं, काळं झालेलं असलं, ते ऑइल सोडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्वची जाळी चोंदली की ती पिन ढकललीच जात नाही. निम्मे लोक म्हणतात माझ्या गाडीचा तो आवाज गेला. आवाज गेला नाही, जाळी साफ करा.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालायचं बंद करा. आपल्या पाण्याचा क्षार किती, घरातल्या गीझरचं कॉइल बघा, तेच रेडिएटरच्या आत होतं. गाडी चालू करून उभी ठेवा, पंखा आपोआप लागतो का आणि बंद होतो का ते डोळ्यांनी बघा, एसी बंद ठेवून. होज म्हणजे रेडिएटरचा रबरी पाइप दाबून बघा, टणक लागला किंवा क्लिपपाशी चिरा दिसल्या तर बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांच्या वरचं असेल तर काढून टाका, ते हवेतलं पाणी ओढतं, घाटात उतरताना गरम झालं की पॅडल खाली जातं. टायरच्या साइडला डीओटी लिहिलेलं असतं, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक आहे म्हणून सात-आठ वर्षांचा टायर घेऊन हायवेला येऊ नका.

अजून एक. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्या गाड्या ज्या वेळी बनल्या तेव्हा त्यांचे पेट्रोलचे रबरी पाइप ह्याचा विचार करून बनवलेले नव्हते. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळे रबरी पाइप एकदा बघून घ्या, फुगलेले, मऊ पडलेले, वास येतो असं काही असेल तर बदला. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं आहे, शेतकऱ्याला पैसा मिळतो, चांगलंच आहे, पण पाइप बदलायचं काम आपलं आहे.

४ ते १० जानेवारी रोज संध्याकाळी ६ नंतर गॅरेजला या, यादीतल्या सगळ्या गाड्या खालून बघून देतो. बघायचे पैसे घेणार नाही.

---

रेडलाइन सीडिया | २३ डिसेंबर

सगळं बरोबर आहे पण एक बोलतो, राग मानू नका. ह्या पर्फॉर्मन्स गाड्या आहेत. सत्तर-ऐंशीनंच जायचं तर लोकांनी डिझेलच घेतल्या असत्या. माझ्या सीडियात दोन लिटर आहे, ११५ बीएचपी, वर्षभर शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगतीय गाडी. नळदुर्गवरून सोलापूरला येताना चौपदरी रस्ता मोकळा असतो, एक-दोन किलोमीटरचा पट्टा बघून दोन-दोन गाड्यांनी शेजारी शेजारी काढल्या तर काय होतंय? पुढं एक गाडी पाठवून रस्ता बघून घ्यायचा. बाकी सगळे नियम पाळतो मी.

---

हडपसरची सिव्हिक | २३ डिसेंबर

मित्रा, राग अजिबात नाही, तुझी तळमळ कळते, माझंही हेच होतं. पण रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि दोन गाड्या शेजारी शेजारी मुद्दाम पळवणं म्हणजे शर्यतच. चौपदरीला कारला जास्तीत जास्त १००, आणि जिथं पाटी ८०ची तिथं ८०. पण कायदा बाजूला ठेव. तो रस्ता हैदराबादचा आहे, तिथं दुभाजक तोडून गावकऱ्यांनी वाटा केल्यात. तुझी पुढं पाठवलेली गाडी मोकळा रस्ता बघून पुढं गेली आणि मागून एखादी बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रस्त्यात उतरली तर? आणि सध्या ऊस चालू आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, वळताना तो अख्खा रस्ता अडवतो.

खरंच पळवायची असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला कारी आहे. ट्रॅक डेला जा, हेल्मेट घालून, समोरून कुणी येणार नाही अशा ठिकाणी. मी एकदा चेन्नईला गेलोय, आयुष्यात पहिल्यांदा माझी सिव्हिक वरच्या आरपीएमला सलग वीस मिनिटं चालली आणि मला कुणाचीही भीती नव्हती. त्या दिवसानंतर हायवेला पळवायची इच्छाच राहिली नाही.

---

अणदूरची लेक | २३ डिसेंबर

सीडियावाल्या दादा, ती चाऱ्याचा भारा घेऊन रस्ता ओलांडणारी बाई माझी काकू असते. रोज. बाकी तुम्ही ठरवा.

---

रेडलाइन सीडिया | २३ डिसेंबर

ताई, माफ करा. विषय बंद. मी येणार आणि सांगाल तिथं रांगेत राहणार.

---

डिकीवाली बलेनो | २४ डिसेंबर

नावाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जेडीएम म्हणजे जपानच्या स्वतःच्या बाजारासाठी बनवलेली गाडी. आपल्यातली एकही तशी नाही. लान्सर तमिळनाडूत तिरुवल्लूरच्या कारखान्यात बनली, सिटी ग्रेटर नोएडात, माझी बलेनो हरियाणात. ज्यांना खरं जेडीएम म्हणतात त्या निसानच्या आर३२ स्कायलाइन किंवा माझदाच्या रोटरी इंजिनाच्या आरएक्स-७ आपल्याकडं रस्त्यावर दिसत नाहीत त्याचं कारण साधं आहे, तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करायला सहसा परवानगी मिळत नाही. त्या काळात, १९८९ पासून २००४ पर्यंत, जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं की जाहिरातीत २८० पीएसच्या वर ताकद दाखवायची नाही, म्हणून स्कायलाइन जीटी-आर, टोयोटाची सुप्रा, नंतरच्या आरएक्स-७ सगळ्यांच्या कागदावर तोच आकडा. ते सगळं वाचायला मला फार आवडतं, पण ते आपलं नाही.

आपलं वेगळं आहे आणि ते कमी नाही. १९९८ला सिटी आली, लान्सर आली, दुसऱ्या वर्षी बलेनो आली, तोपर्यंत आपल्याकडच्या मध्यमवर्गीय माणसाला नव्या गाडीत असं पळणारं इंजिन म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. त्या गाड्या आपल्या वडिलांनी कर्ज काढून, सोसायटीचा हप्ता भरून घेतल्या आणि अजून चालतात. पंधरा वर्षांवर गेल्यात, दर पाच वर्षांनी पासिंग, पर्यावरण कर, सगळं भरून आपण त्या ठेवल्यात. म्हणून नाव साधं ठेवा. "सोलापूरच्या जपानी गाड्या". एवढं पुरे.

---

एमएच१३ व्हीटेक | २४ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. तारीख १८ पक्की. जमायचं तुळजापूर रोडच्या पंपावर, पंपाच्या मालकाशी आज बोललो, त्यांनी मागची मोकळी जागा दिलीय. तीन तुकड्या, इव्हो शेवटी. नाव बलेनोवाल्या मालकांनी सांगितलं तेच. आधी तुळजापूर मग नळदुर्ग असंच ठेवलंय, फक्त नळदुर्गवरून परत येताना तोंड पश्चिमेला असतं, चारनंतर सूर्य सरळ डोळ्यांत येतो आणि तेव्हाच उसाच्या ट्रॉल्या वाढतात. म्हणून तीनच्या आत सोलापूर गाठायचं. ज्यांनी मोठा आवाज करणारे सायलेन्सर लावलेत त्यांनी मूळचे परत लावून या, देवीच्या गावात जायचंय, आणि आरटीओच्या नियमातही ते बसत नाही.

काका, ५ तारखेला संध्याकाळी गाडी घेऊन येतो.

---

एमएच१३ व्हीटेक | १९ जानेवारी

काल झाली. आज ऑफिसात बसलोय पण मन तिकडंच आहे, म्हणून लिहितो.

यादीतल्या १४ पैकी १३ आल्या, एका सिटीचा बेल्ट काकांनी बघितला आणि म्हणाले ह्या गाडीला अजून पार्ट मिळायचाय, ही येणार नाही. मालक तरी आला, बायकोला घेऊन दुसऱ्याच्या गाडीत बसून आला. इव्हो पुण्याहून पहाटे तीनला निघून साडेसहाला पंपावर हजर. लोक तिच्याभोवती गोळा झाले, पंपावरची पोरं फोटो काढायला लागली, आणि तिच्या मालकाला शेवटच्या तुकडीत शेवटी लावणार म्हणून सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "तिथंच पाहिजे मला, मागून सगळ्या गाड्या दिसतात."

थंडी चांगली होती. तामलवाडीच्या टोलपर्यंत सगळे जरा ताठरून चालवत होते, मग सैल झाले. तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात माझ्या शेजारी वडील बसलेले. मी टॉप गिअरमध्येच ओढत होतो, ते इतका वेळ काही बोलले नव्हते, तिथं म्हणाले, "थर्डात घे, ओढू दे तिला." घेतलं. काटा वर गेला आणि तो आवाज आला. काच त्यांच्या बाजूची उघडी होती.

गडबड झाली ती तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावर. दोन लान्सरपैकी एकीच्या मागोमाग इव्हो होती. इव्होवाल्याला आधी रस्त्यावर बारीक ओला पट्टा दिसला, मग तो कूलंटचा गोडसर वास आला, त्याने लगेच फोन केला आणि लान्सर एका झाडाखाली बाजूला घेतली तेव्हा टेंपरेचरचा काटा नुकताच मधल्याच्या वर गेलेला. बॉनेट उघडलं तर वरचा होज क्लिपपाशी चिरलेला. लान्सरवाल्या दादांनी तो महिनाभरापूर्वीच बाहेरून बदलून घेतला होता, बरोबर आलेले गॅरेजवाले काका बघून म्हणाले होज चांगल्या प्रतीचा आहे पण लावणाऱ्याने क्लिप वाजवीपेक्षा जास्त आवळली, तिनेच रबर कापलं. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू दिलं नाही काकांनी, चाळीस मिनिटं गाडी थंड होऊ दिली. मग होजचा चिरलेला इंचभर तुकडा ब्लेडने कापून टाकला, उरलेला होज ताणून परत बसवला, नवी क्लिप लावली, कूलंट घातलं, गाडी चालू करून पंखा लागेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. तेवढ्या वेळात पोरांनी बांधावरची बोरं संपवली आणि शेजारच्या वस्तीवरची एक आजी कळशीभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आल्या, न विचारता.

पुढच्या दोन तुकड्या नळदुर्गला थांबून राहिल्या, एकही गाडी पुढं गेली नाही. पाणीमहाल सगळ्यांनी मिळून बघितला.

हुरडा अणदूरच्या ताईंच्या शेतावर. खळं झाडून पाणी मारलेलं, एका ओळीत चौदा गाड्या, आत ट्रॉलीतून गेलो. गुळभेंडीची कणसं, गोवऱ्यांची आगटी, ताईंच्या काकू स्वतः कणसं भाजून चोळून देत होत्या, बरोबर शेंगा चटणी, दही, गूळ. सीडियावाला भाऊ काकूंच्या शेजारी बसून कणसं चोळत होता, तळहात लाल झाले तरी उठला नाही. जाताना काकूंना त्याने सीडियात बसवून डांबरीवरनं एक चक्कर मारली, पन्नासच्या वर गेला नाही. अडीचला निघालो, सव्वातीनला सोलापूर. पंधरा मिनिटं उशीर, तो होजमुळं.

---

पाना नंबर दहा | १९ जानेवारी

लान्सरवाल्याने बुधवारी गाडी घेऊन यावं. वरचा होज आपण कापून बसवलाय तो तात्पुरता आहे, आणि खालचा होज पण त्याच माणसाने त्याच दिवशी बसवलाय, त्याची क्लिप मी अजून बघितलेली नाही. तोवर गाडी शहराबाहेर नेऊ नको. दोन्ही होज मागवून ठेवलेत.